हृदयासाठी आहार: सुरुवात वाणसामानाच्या यादीपासून

घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली किंवा नुसता रिपोर्टात कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरात छापून आला, की दुसऱ्या दिवसापासून ओट्स, ऑलिव्ह ऑइल आणि जवसाच्या कॅप्सूल यायला लागतात. त्या एका माणसासाठी वेगळ्या पातेल्यात अळणी, बिनतेलाची भाजी शिजते. महिनाभरात खाणारा कंटाळतो, रांधणारीही कंटाळते आणि घर पुन्हा जुन्या वळणावर जातं. म्हणून या लेखात नव्या, महागड्या पदार्थांची यादी नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला तेल किती येतं, मिठाची पिशवी किती दिवस पुरते, डब्यात तांदूळ-गहू किती आणि डाळी-कडधान्यं किती, यावर हृदयाचं बरंचसं ठरतं. ते कसं तपासायचं आणि टप्प्याटप्प्याने कसं बदलायचं, ते इथे मांडलं आहे. बदल सगळ्या घरासाठी करायचा आहे, एका आजारी माणसासाठी नाही. ज्या घरात एकाला हा आजार झाला, त्या घरातल्या बाकीच्यांचं ताट आणि बऱ्याचदा रक्ताचं नातंही तेच असतं.

आपल्याकडे हा बदल लवकर करण्याला कारण आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातून दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, तर इतर देशांत सरासरी ५८-५९व्या वर्षी. म्हणजे घर चालवणारा माणूस ऐन कर्तेपणात आडवा होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणखी एक गोष्ट जगापुढे आणली: भारतीय माणूस वजनाने हलका आणि दिसायला सडपातळ असला, तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं आणि ती पोटाभोवती साठते. तेव्हा ‘मी कुठे जाड आहे?’ म्हणून हा विषय बाजूला सारू नका.

पायरी १: आधी आकडे

आहार बदलण्याआधी रक्तदाब मोजा आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या मेदाची तपासणी), साखरेची एचबीएवनसी ही चाचणी व क्रिएटिनिन करून घ्या. क्रिएटिनिन मूत्रपिंडासाठी. मिठाच्या पायरीवर त्याची गरज पडणार आहे.

लिपिड प्रोफाइलमध्ये बरेच जण एकूण कोलेस्टेरॉल बघतात. तुम्ही एलडीएल बघा. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे हेच कण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात शिरून तिथे साठत जातात. निरोगी माणसाचं एलडीएल १०० च्या आत असलेलं चांगलं. झटका येऊन गेला असेल किंवा स्टेंट बसवला असेल, तर डॉक्टर ते ७० च्या खाली, आणि हल्ली बऱ्याच रुग्णांत ५५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतात. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातला आणखी एक मेद, १५० च्या खाली हवं. टेप घेऊन कंबरही मोजा: पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर वजनकाटा काहीही म्हणो, लक्ष घालायची वेळ आली आहे.

हे आकडे वेगवेगळ्या खाण्याने हलतात. तूप, लोणी, पामतेल, वनस्पती तूप (डालडा) यांतल्या संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाने एलडीएल चढतं, कारण रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याचं यकृताचं काम त्यामुळे मंदावतं. साखर, मैदा, भाताचे डोंगर आणि दारू यांनी ट्रायग्लिसराइड चढतं. मिठाने रक्तदाब चढतो. तुमचा कोणता आकडा बिघडला आहे ते बघून पुढच्यापैकी कोणत्या पायरीवर जास्त जोर द्यायचा ते ठरवा.

पायरी २: एक महिना नुसती नोंद

पहिला महिना काहीही बदलू नका. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा: तेलाची पिशवी कधी फोडली, कधी संपली. तसंच मीठ, साखर, गूळ, तूप, लोणी. बेकरीतून काय आलं, फरसाणाची पुडी किती वेळा आली, बाहेरून किती वेळा मागवलं. डाळी आणि कडधान्यं मिळून किती किलो लागली, तेही.

महिनाअखेरीला हे आकडे घरातल्या माणसांनी भागा. लहान मुलं अर्धी धरा. बहुतेक घरांत अंदाज आणि आकडा यांत मोठी तफावत निघते, विशेषतः तेलात. ‘आमच्याकडे फार तेल नसतंच’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं.

पायरी ३: तेल

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात २००० उष्मांकांच्या दिवसाच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. बैठं काम करणाऱ्या, वजन वाढलेल्या माणसाने २०-२२ ग्रॅमवर यावं. चहाच्या चमच्यात सुमारे साडेचार ग्रॅम तेल मावतं, म्हणजे माणशी दिवसाला पाच चमचे. चौघांचे वीस चमचे, म्हणजे १०० मिलिलिटर. महिन्याला ३ लिटर. हा आकडा फ्रीजच्या दारावर लिहून ठेवा.

अंमलात आणायची सोपी रीत: रोज सकाळी १०० मिलिलिटर तेल मापाने एका वाटीत काढा आणि दिवसभराचा सगळा स्वयंपाक त्यातूनच करा. पोळीला लावायचं तेल, फोडणी, तव्यावर सोडायचं तेल, सगळं त्यातलंच. ज्या दिवशी तूप किंवा लोणी वापराल, त्या दिवशी तेवढे चमचे तेल कमी काढा. बरणीतून थेट कढईत ओतायची सवय एकदा सुटली की अर्धी लढाई जिंकली. पहिल्याच दिवशी वाटी दुपारी रिकामी होईल. तेव्हा घाबरून सोडून देऊ नका. पहिल्या आठवड्यात १५० मिलिलिटर काढा, मग १२५, मग १००.

तेल जिरतं कुठे तेही बघा. झुणका आणि कोरडं पिठलं, वांग्याच्या काचऱ्या, भरली वांगी, बटाट्याच्या काचऱ्या, भेंडी हे पदार्थ तेल पितात. वांगं भाजून भरीत केलं तर दोन चमच्यांत भागतं. भेंडी झाकण न ठेवता मोठ्या पसरट तव्यावर केली तर निम्म्या तेलात सुटसुटीत होते. आमटीला, उसळीला फोडणी एकदाच द्या, वरून दुसरी नको. पोळीच्या घडीत तेल लावायचं असेल, तर मग वरून तूप नको. आणि भाकरी हा तर आपल्याकडचा बिनतेलाचा पदार्थ आहे: ज्वारी, बाजरी किंवा नाचणीचं पीठ, पाणी आणि हाताची कसब. तिच्यासाठी तेलाचा थेंबही लागत नाही आणि कोंडा सगळा पोटात जातो.

आता कोणतं तेल? शेंगदाणा तेल महाराष्ट्राचं जुनं तेल आहे आणि चांगलं आहे. त्यात असंपृक्त मेद जास्त, संपृक्त मेद सुमारे एक पंचमांश. मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूरकडे पूर्वी करडई घरोघरी असे. करडई आणि सूर्यफूल यांत लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि एलडीएल कमी करायला ते मदत करतं. मात्र ही तेलं पुन्हा पुन्हा तळायला वापरू नयेत, लवकर बिघडतात. मोहरी, सोयाबीन यांत हृदयाला चांगल्या ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळतं. कुठलंच एक तेल परिपूर्ण नाही, म्हणून दोन तेलं ठेवा: फोडणीला शेंगदाणा, भाजीला करडई किंवा सोयाबीन, किंवा महिन्याआड बदल.

घाण्याचं तेल की रिफाइंड, यावर लोक तावातावाने बोलतात. घाण्याच्या तेलाला वास, चव आणि काही नैसर्गिक घटक टिकून राहतात. पण शेंगदाण्याचं तेल घाण्यावर काढलं काय किंवा कारखान्यात, त्यातला मेद तोच आणि उष्मांक तेवढेच. ‘घाण्याचं आहे, चालतं’ म्हणून चार चमचे जास्त घालणं घातक आहे.

खोबरेल तेलाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. त्यात ८५ ते ९० टक्के संपृक्त मेद असतो, आणि इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढवतं, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कोकण-गोव्यातल्या वाचकांनी यामुळे नारळ टाकून द्यायची गरज नाही. भाजीवर पेरलेलं मूठभर ओलं खोबरं हा चोथ्यासकटचा पदार्थ आहे. पण रोज दोन्ही वेळा अख्ख्या नारळाचं वाटण आणि वर खोबरेल तेलाची फोडणी, हे एलडीएल चढलेल्या माणसाला परवडणारं नाही. वाटणात नारळ निम्मा करून त्या जागी भाजलेला कांदा, धणे आणि थोडी भिजवलेली चणाडाळ वाटून घातली, तर रसाचा दाटपणा राहतो.

तळणीचं उरलेलं तेल गाळून पुन्हा तळायला वापरतात. तसं करू नका. पुरी-भजी तळलेलं तेल एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा आणि मुळात कढई लहान घ्या म्हणजे उरणारच कमी. तेल वारंवार तापलं की ते बिघडून त्यात ‘पोलर संयुगं’ साठत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे आणि त्यापुढचं तेल विक्रेत्यांनी वापरू नये असा २०१८ पासूनचा नियम आहे. गाडीवरच्या काळपट, फेसाळत्या कढईकडे बघून नियम पाळला जातोय का, याचा अंदाज तुम्हालाच घ्यावा लागतो.

तुपाचा प्रश्न हमखास येतो. साजूक तुपात साठ टक्क्यांच्या वर संपृक्त मेद असतो. ज्याचे आकडे नीट आहेत त्याने वरणभातावर एक लहान चमचा तूप घ्यावं, आनंदाने घ्यावं, आणि ते तेलाच्या हिशोबात धरावं. ज्याला स्टेंट बसला आहे किंवा एलडीएल उतरत नाही, त्याने रोजचं तूप सोडावं असंच मी सांगेन. तूप औषध आहे म्हणून सकाळी उपाशीपोटी चमचे भरून घेण्याचा जो प्रकार चालतो, तो अशा माणसाने अजिबात करू नये. दुधाची साय काढून टाकून ‘आम्ही बिनसायीचं दूध घेतो’ म्हणणाऱ्या घरांत त्याच सायीचं तूप त्याच माणसांच्या पोटात जातं, हेही हिशोबात धरा.

पायरी ४: मीठ

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं. भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो. हिशोब असा: चौघांच्या घरात एक किलो मिठाची पिशवी रोजच्या स्वयंपाकाला दोन महिने तरी पुरायला हवी. लोणच्या-पापडांचं मीठ वेगळं आणा, म्हणजे मोजता येईल.

मीठ कमी करायचं ते एकदम नको. आठवड्याला थोडं थोडं कमी केलं तर जीभ काही आठवड्यांत जुळवून घेते. या क्रमाने जा:

१. भात शिजताना मीठ बंद. कणकेतलं, भाकरीच्या पिठातलं मीठ बंद. पोळी ज्याच्याबरोबर खायची त्यात मीठ असतंच.

२. ताटात डावीकडे वाढलेलं मीठ आणि टेबलावरची मिठाची बाटली उचलून ठेवा. कलिंगड, पेरू, काकडीवर मीठ नको. ताकात मिठाऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड, आलं, कोथिंबीर.

३. मग आमटी-भाजीतलं मीठ चौथा हिस्सा कमी. मीठ शेवटी घाला, थोड्यात चव लागते. आंबट चव मिठाची उणीव झाकते, आणि त्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत: आमसूल, चिंच, कैरी, लिंबू, टोमॅटो. लसूण, मिरी, तिरफळ, कढीपत्ता सढळ हाताने वापरा.

४. लोणचं, पापड, ठेचा, खारवलेली मिरची यांपैकी जेवणाला एकच, आणि तेही लहानशी फोड. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो आणि तोही सोडियमच. ढोकळ्या-भज्यांतला खाण्याचा सोडा हाही सोडियमच. पोटात जळजळ झाली की पाण्यात टाकून प्यायची फसफसणारी पावडर रोज घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांनी हे नीट लक्षात घ्यावं.

५. खारवलेला बांगडा किंवा सुरमई करायची तर आधी दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका.

पाकिटावरचं लेबल वाचायला शिका. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असेल तर तो पदार्थ खारट समजा, १२० च्या खाली असेल तर चांगला. शेव, फरसाण, वेफर्स, नूडल्सचा मसाला, सॉस, तयार सूप यांची पाकिटं एकदा पालथी घालून बघाच. पाव आणि बिस्किटं जिभेला खारट लागत नाहीत, तरी त्यांत मीठ असतं.

शेंदेलोण आणि काळं मीठ घेतलं की रक्तदाब वाढत नाही, हा समज चुकीचा आहे. दोन्हींत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं, शिवाय नेहमीच्या मिठातलं आयोडीन मिळत नाही.

काही सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं मीठ बाजारात मिळतं आणि त्याचा खरोखर उपयोग होतो. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर हा प्रयोग झाला. २०२१ मध्ये निकाल आला, तेव्हा असं मीठ खाणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होतं. पण एक धोका आहे. ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे, किंवा जे रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून क्रिएटिनिनचा आकडा डॉक्टरांना दाखवून, विचारूनच हे मीठ घ्या. शहाळ्यातही पोटॅशियम असतं, म्हणून अशा रुग्णांनी ते रोज पिण्याआधीही विचारावं.

पायरी ५: ताटाची वाटणी

आपल्या ताटात पोळी, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा असं पिष्टमय फार आणि डाळ-भाजी थोडी. शाकाहारी घरांत तर एक वाटी पातळ वरणात चौघं जेवतात. पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यात दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर आहे. शाकाहारी घरात चौघांना महिन्याला १० किलो डाळी-कडधान्यं झाली. तुमच्या नोंदीत किती निघाली ते बघा. पाच किलो असतील तर तांदूळ-गहू तेवढे कमी करून ती वाढवायची आहेत.

ताट असं वाढा. आधी भाजी आणि कोशिंबीर, अर्धं ताट भरून. मग दाट उसळ किंवा वरण, मोठी वाटी. उरलेल्या जागेत दोन पोळ्या किंवा एक मोठी भाकरी, किंवा एक वाटी भात. पोळी आणि भात दोन्ही हवेत, तर दोन्ही निम्मे. मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरे, वाल, कुळीथ असं आठवडाभर फिरवत राहिलं तर रोज वेगळी उसळ होते. कडधान्यांतला विद्राव्य चोथा आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. ती पुन्हा तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, आणि एलडीएल उतरतं. ओट्स आणि सातूमधला बीटा-ग्लुकान, इसबगोल हेही याच वाटेने काम करतात. ओट्स आवडत असतील तर जरूर खा. आवडत नसतील, तर मटकीच्या उसळीने आणि ज्वारीच्या भाकरीने तुमचं काही अडत नाही.

न्याहारीत पोहे, उपमा, साबुदाणा रोज नकोत. भाजणीचं थालीपीठ, मुगाचं धिरडं, नाचणीचं घावन, मोड आलेल्या कडधान्याची उसळ असं आलटून पालटून करा. पोहे केलेच तर निम्मे पोहे आणि निम्मे मटार, गाजर, मोड आलेले मूग.

दाण्याचं कूट आपल्या स्वयंपाकाचं वैभव आहे आणि हृदयालाही चांगलं आहे. बदाम-अक्रोड परवडत नाहीत म्हणून हळहळू नका, मूठभर भाजलेले किंवा उकडलेले शेंगदाणे तेच काम बऱ्याच अंशी करतात. जवस आणि कारळ्याची चटणी रोज एक चमचा घ्या. ताटाला चव येते, लोणच्याची आठवण कमी होते. फक्त तिच्यात मीठ हात राखून.

पायरी ६: चहा आणि चहाबरोबरचं

चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ३२ ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास थांबा म्हणते. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. साखरेऐवजी गूळ घातल्याने ट्रायग्लिसराइडवर फरक पडत नाही. फळं अख्खी खा, रस काढून नाही.

चहाइतकीच काळजी खारी, बटर, टोस्ट, नानकटाई यांची. यांत पूर्वी सर्रास वनस्पती तूप असे आणि त्यातल्या ट्रान्स मेदाने एलडीएल वाढून चांगलं एचडीएलही घटतं. जानेवारी २०२२ पासून ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्के झाली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्या जागी पामतेलाचा घट्ट मेद आला, आणि पामतेलात निम्मा संपृक्त मेद असतो. चहाबरोबर बिनमिठाचे फुटाणे, कुरमुरे किंवा भाजलेले दाणे ठेवा.

पायरी ७: मासे, अंडी, मटण

मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्यावी. हे तेलकट मासे आहेत, त्यांत ओमेगा-३ भरपूर असतं आणि पापलेटपेक्षा ते कितीतरी स्वस्त मिळतात. कालवण, तिखलं किंवा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजलेला मासा उत्तम. रव्यात घोळवून तेलात बुडवला की माशाचा अर्धा फायदा तेल खाऊन टाकतं.

बहुतेक लोकांना रोज एक अंडं चालतं. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आठवड्याला तीन-चारवर थांबावं, पांढरं जास्त घ्यावं. मटण महिन्यातून एक-दोनदा, चरबी काढून, आणि रश्शावरचा तवंग चमच्याने काढून. भेजा मात्र हृदयरुग्णाने सोडावा.

उपास आणि बाहेरचं खाणं

उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी, साबुदाणा वडे, बटाट्याची भाजी असं दिवसभर चालतं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, ताक, फळं यांनी उपास चांगला होतो. दिवाळीत पातळ पोह्यांचा चिवडा भाजून, मोजक्या तेलात करा आणि तळणीचे प्रकार दोनच ठेवा.

बाहेर वडापावऐवजी इडली, भाजलेलं कणीस किंवा उकडलेल्या शेंगा. मिसळ खायची असेल तर तर्री न घेता मटकी जास्त आणि शेव वरून चिमूटभर. पाव एकच.

औषधं आणि आहार

आहाराने औषधाची जागा भरून निघत नाही. लिंबू, आलं, लसूण, व्हिनेगर आणि मध उकळून घेतलं की ब्लॉकेज उघडतात, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. अशा काढ्याने साठलेला थर विरघळतो याला पुरावा नाही. तो पिऊन कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी किंवा स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. कृपा करून असं करू नका आणि आपल्या माणसांनाही करू देऊ नका.

हृदयाची झडप बदललेल्या बऱ्याच रुग्णांना रक्ताची गुठळी होऊ न देणारं असिनोकुमारॉल किंवा वॉरफरिन चालू असतं. त्यांनी पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, पण आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायचं. एका आठवड्यात रोज पालक आणि पुढच्यात काहीच नाही, असं झालं तर औषधाचा परिणाम वरखाली होतो. हृदय कमजोर होऊन पायाला सूज येत असेल, तर पाणी आणि ताक किती घ्यायचं तेही डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, एकाएकी धाप असं काही झालं तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखता नुसती मळमळ, थकवा किंवा धाप एवढंच असू शकतं. महाराष्ट्रात १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका मिळते. ताबडतोब ईसीजी निघेल अशा ठिकाणी पोहोचा.

तीन महिन्यांनी

बदल सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा, रक्तदाबाच्या नोंदी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब आहाराने लवकर हलतात. एलडीएल त्या मानाने थोडं उतरतं, त्यामुळे गोळी चालू राहिली तर आपलं कष्ट वाया गेलं असं समजू नका. तेलाची वाटी नेमाने पाळूनही एलडीएल १९० च्या वर राहत असेल, तर ते आनुवंशिक असण्याची शक्यता असते. अशा माणसाला औषध लागतंच, आणि त्याच्या भावंडांची आणि मुलांची तपासणीही त्याच महिन्यात करून घ्यायला हवी, मुलं शाळेत जाणारी असली तरी.